राजाचा आवाज तीन घरांच्या कुलपात

आमच्या गावच्या देवळात एक शिसवी पेटारा आहे. त्यात देवाचे दागिने असतात, चांदीचा मुखवटा असतो, आणि एका कुंकवाच्या डबीत राजाच्या आवाजाची किल्ली असते. दागिने आणि मुखवटा तिथे कसे आले ते देवाला ठाऊक. किल्ली मी ठेवली. का ठेवली, हे सांगायचं तर एका ऋषीच्या दाढीपासून सुरुवात करावी लागते.

आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, लाटंबार्सेच्या बाजूला, काजूच्या डोंगराला टेकून बसलेलं. जत्रेला देवळाच्या मंडपात नाटक होतं आणि ते गावच्याच माणसांनी करायचं असतं. पौराणिक, मराठी, भरपूर टाळ्यांचं आणि त्याहून भरपूर लांबीचं. पोटासाठी मी पेडण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. रोज म्हापशाला बस बदलतो आणि बसमध्ये पाठांतर करतो, त्यामुळे पेडण्याच्या बसमधले निम्मे लोक मला वेडा समजतात आणि उरलेले निम्मे पुढचं वाक्य सांगतात. नाटकात मी प्रधान असतो. तारुण्यात प्रधान झालो, तो प्रधानच राहिलो. आमच्याकडे बढती नाही.

राजा मात्र राजाच. डिचोलीच्या बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान. आवाज असा की गिऱ्हाइकाने पातेलं वाजवून बघायच्या आधी त्यानेच किंमत सांगितली तर पातेलं आपोआप वाजायचं. मी त्याला महाराज म्हणतो, तो मला प्रधानजी. रंगमंचावर, बाजारात, कुणाच्या बाराव्याला, सगळीकडे. माणूस दिलदार, फक्त एक खोड. तिसऱ्या प्रवेशात प्रधानाचं एक लांब भाषण आहे. अख्ख्या नाटकात तेवढंच माझं. त्याचं शेवटचं वाक्य फार सुंदर आहे. ते वाक्य आमच्या गावाने कधीही पूर्ण ऐकलेलं नाही, कारण दर वर्षी मी त्या वाक्याच्या निम्म्यावर पोचलो की महाराज तान घेऊन आत येतात, पद सुरू होतं, टाळ्या पडतात आणि माझं उरलेलं वाक्य माझ्या तोंडात तसंच राहतं. विचारलं तर म्हणायचा, "प्रधानजी, गळो तापलो काय थांबवूक येना मरे."

आता दाढी. दोन वर्षांपूर्वी नाटकातल्या ऋषीची दाढी टेबलफॅनमध्ये गेली. ऋषी म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर. ते शाप देण्यासाठी वळले, पंखा त्यांच्याकडे वळला, आणि दोघांची भेट झाली. दाढी गेली, पाठोपाठ जटा गेल्या, आणि टक्कल घेऊन मास्तरांनी शाप पूर्ण केला. एका शब्दाची चूक नाही. पण कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. पेडण्यातल्या चोपड्याला नदीकाठी माझी मावशी राहते, तिने मला तो व्हिडिओ पाठवून विचारलं, "तुमच्या गावात ऋषी असे सोलतात काय रे?" चोपड्यापर्यंत पोचला म्हणजे सावंतवाडीपर्यंत पोचलाच.

मास्तर हे आमच्या देवळाच्या तीन मानकऱ्यांपैकी एक. त्यांनी सभा बोलावली आणि शुद्ध मराठीत फर्मान काढलं. "यापुढे मंडपात मोबाइल बंद. चित्रण एकच होईल, समितीचं. आणि ते देवाच्या दागिन्यांप्रमाणे कुलपात राहील. तिन्ही घरांच्या संमतीशिवाय उघडणार नाही."

दागिन्यांप्रमाणे म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या पेटाऱ्याला तीन कुलपं आहेत. वरच्या घराची किल्ली मास्तरांकडे. मधल्या घराची किल्ली ज्यांच्याकडे, ते काजूच्या फेणीची भट्टी लावतात, सगळे त्यांना आबा म्हणतात. खालच्या घराची किल्ली दादाकडे, त्याचे खाणीवर टिपर ट्रक चालायचे, आता खाण कमी आणि टिपर जास्त उभे. पेटारा उघडायचा तर तिघांनी पेटाऱ्यासमोर एका ओळीत बसायचं. ज्या घराचा त्या वर्षी पहिला मान, त्याने आधी किल्ली फिरवायची, मग पुढच्याने, मग तिसऱ्याने. जत्रा होऊन पेटारा बंद झाला की मान पुढच्या घराकडे जातो आणि पहिला होता तो शेवटाला बसतो. एकाच्या किल्लीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. एका वर्षी दादाचा हात प्लास्टरमध्ये होता, तर त्याने किल्ली दातांत धरून फिरवली, पण आबांच्या हातात दिली नाही.

फर्मान ऐकून मला जो आनंद झाला तो काय सांगू. सभेत मी उभा राहिलो आणि प्रधानाच्या आवाजात म्हणालो की चित्रणासाठी असं कुलूप मी करून देतो, जे फोडायला जगातले सगळे कॉम्प्युटर एकत्र बसवले तरी आपल्या पणतवंडांच्या जत्रेपर्यंत फुटणार नाही.

"आणि माझ्या टिपराखाली घातला तर?" दादाने विचारलं.

"टिपर फुटेल," मी म्हणालो.

त्या कुलपाला एक वक्ररेषा लागते. गणितातली. आबांना मी ती देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या ओवरीत, खडूने फरशीवर काढून समजावली. रेषेवर एक ठिपका घ्यायचा. तो ठिपका ठरावीक नियमाने उड्या मारत रेषेवर फिरवायचा, पुष्कळ, बेसुमार. शेवटी तो कुठेतरी पडतो. कुठे पडला, ते सगळ्या जगाला सांगितलं तरी चालतं, तेच कुलूप. पण तिथे पोचायला उड्या किती मारल्या, हे कुणाला काढता येत नाही. ती संख्या म्हणजे किल्ली.

आबा फरशीवर वाकले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या भट्टीवरचो माणूस. सकाळी खंयच्या गटारात सापडलो ता सगळ्या गावाक ठावक. किती कोप मारलेले, ता फक्त त्याका."

"त्यालाही नसतं ठाऊक," दादा म्हणाला.

यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मी आजवर ऐकलेलं नाही. कारखान्यात नवीन पोरं आली की मी त्यांना हेच सांगतो.

अशा किल्ल्या मी बटणं दाबून करत नाही. काळा पडदा उघडतो, त्यावर आज्ञा लिहितो. लोक म्हणतात हे जुनाट आहे. मला मात्र तिथे रंगमंचावर आल्यासारखं वाटतं. समोर काळोख, एक लहानशी खूण लुकलुकते आहे, आणि तुम्ही पहिलं वाक्य कधी म्हणताय याची कुणीतरी वाट बघतंय. एक अक्षर चुकलं तर पडदा थंडपणे सांगतो, असली आज्ञा मला माहीत नाही. चूक पोटात घालणारा प्रॉम्प्टर तिथे नाही. मास्तरांना हे फार आवडलं. म्हणाले, "असे विद्यार्थी मिळायला हवे होते."

तर गेल्या वर्षी जत्रा आटोपली आणि पेटारा बंद व्हायच्या आधी, तिघे मानकरी ओळीत बसलेले असताना, मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. वक्राची किल्ली तयार केली. किल्लीलाच एक परवलीचं वाक्य लावायचं असतं, नाहीतर पेन ड्राइव्ह ज्याच्या हाती त्याचं राज्य. ते वाक्य मी तिघांत वाटून दिलं. प्रत्येकाने आपल्या मनातला तुकडा टाइप करायचा, बाकीच्या दोघांनी खिडकीबाहेर बघायचं, आणि लॅपटॉप पुढच्याकडे सरकवायचा. टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, साधे ठिपकेही नाहीत. दादा वैतागला. "ह्यो पडदो काय दाखवणाच नाय. मी टाइप करतंय का भिंतीक बोटां लावतंय?"

मशीन खात्रीसाठी तेच पुन्हा विचारतं, म्हणून लॅपटॉपने ओळीतून दुसरी फेरी केली. मग उघडून बघितलं, उघडलं. नाटकाचं चित्रण त्या कुलपात घातलं, उघडी प्रत तिघांच्या साक्षीने पुसली, कॅमेरावाल्याने आपलं कार्ड कधीच दुसऱ्या कुणाच्या लग्नासाठी रिकामं केलं होतं. किल्लीचा पेन ड्राइव्ह कुंकवाच्या डबीत, डबी पेटाऱ्यात, पेटाऱ्याला तीन कुलपं. मी दोन पावलं मागे सरून नमस्कार केला. टाळ्या नाही पडल्या, पण आबांनी मान हलवली.

त्यानंतर काही महिन्यांनी महाराजांच्या घशात काहीतरी निघालं, ऑपरेशन झालं, आणि ते घरी आले तेव्हा जीव होता, आवाज नव्हता. कायमचा. गळ्याला पांढरा रुमाल बांधून दुकानात बसायला लागले. गिऱ्हाइकं आता पातेलं वाजवून बघतात.

बोलणं मोबाइलवर सुरू झालं. मी समोर बसलेलो असलो तरी संदेश पाठवायचा. एक बोट, मोठी अक्षरं, आणि शिव्या पूर्वीपेक्षा निवडक, कारण टाइप करायला वेळ लागतो.

"ह्या वर्षी नाटक तेंच," त्याच्या घरी बसलो होतो तेव्हा त्याने एकदा लिहिलं. "मी राजा. पद रेकॉर्डिंगचा लावया. मी उभो रवतंय, ओठ हलयतंय."

"आणि रेकॉर्डिंग नाही मिळालं तर?" मी सहज विचारलं.

त्याने बराच वेळ टाइप केलं. "तर मग मी तोंडाक रंग लावचंय नाय. परत केन्नाच. मुको राजा कोणाक होयो?"

मी हसण्यावर नेणार होतो. तेवढ्यात आतून वहिनी चहाचे कोप घेऊन आल्या. नवऱ्याला ऐकू जाणार नाही असं मला म्हणाल्या, "जन्मभर ह्यांका गप बसा म्हणान सांगलंय. आता घरात रेडिओ लावन ठेवतंय. तां पद एकदा मिळाला तर बघा हां." आणि बशीत उंडे पाव ठेवून आत वळल्या.

मी म्हणालो, "वहिनी, माझ्या कुलपात आहे. माझ्या कुलपातली वस्तू कुठे जाते." असली वाक्यं फक्त नाटकातच शोभतात हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

जत्रेच्या आधीच्या रविवारी पेटारा उघडायचा ठरला. तिघे मानकरी ओळीत बसले. या वर्षी पहिला मान वरच्या घराचा, म्हणून मास्तर आधी, मग आबा, आणि गेल्या वर्षी पहिला असलेला दादा शेवटाला. महाराज एका बाजूला खुर्चीत, मांडीवर मोबाइल. वहिनी खांबाला टेकून. तीन किल्ल्या फिरल्या, पेटारा उघडला, डबी निघाली.

पेन ड्राइव्ह लावला तर मशीन ओळख देईना. काढून बघतो तर तोंडात कुंकू गच्च. दसऱ्याला पेटारा उघडला होता तेव्हा भटजींनी शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा केली होती, आणि मनापासून केली होती. "हत्यारच ना ते," भटजी म्हणाले. आबांनी धोतराच्या कनवटीतून एक लहान बाटली काढली. ती तिथे का होती, हे देवळात कुणी विचारलं नाही. काजूच्या पहिल्या धारेचे दोन थेंब, कानातला कापूस, आणि पेन ड्राइव्ह लख्ख झाला. मशीनने ओळख दिली. अग्रशाळेत वास दरवळला. आबा म्हणाले, "आता ता काय विचारलास तरी खरां सांगतला."

लॅपटॉप मास्तरांसमोर ठेवला. त्यांनी आपला तुकडा टाइप केला आणि सरकवला, आबांनी केला, दादाने भिंतीला बोटं लावली. एंटर.

बॅड डिक्रिप्ट. म्हणजे वाक्य चूक, चालते व्हा.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. सावकाश केलं, डोळे मिटून केलं, देवाचं नाव घेऊन केलं. तेच.

मग जे व्हायचं ते झालं. दादा म्हणाला, "वरच्या घराक विसरूकच होयां. दाढी आसा ना त्या कुलपात." खरं तर दाढीचं वर्ष या कुलपात नव्हतंच. मास्तर थंडपणे म्हणाले, "माझ्या पाठांतराविषयी शंका घेणारा तू. सातवीत कविता पाठ नव्हती म्हणून खिडकीतून उडी मारून पळालेला तू."

"ती कविताच वायट होती."

"आबांचं विचारा," मास्तर म्हणाले. "भट्टीच्या हंगामात माणसाला स्वतःचं नाव आठवतं का, इथपासून सुरुवात करू."

आबा दुखावले. "माझो तुकडो माका झोपेत आठवता. माझ्या पहिल्या बैलाचा नाव आसा ता." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले, पण बैल गावाच्या आठवणीतला होता आणि दादा हसायला लागला.

महाराजांचा मोबाइल वाजला. मला संदेश. "प्रधानजी, तुझ्या पणतवंडांका विचार उघडता काय."

मी खांबाकडे बघितलं नाही. वहिनी काही बोलत नव्हत्या, आणि त्या बोलत नाहीत तेव्हा त्यांच्याकडे बघायचं नसतं.

शेवटी आबांनीच सुचवलं, कौल लावूया. आमच्याकडे कुठेही अडलं की देवाला कौल लावतात. मूर्तीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि कुठली पाकळी पडते ते बघायचं. गाय कुठे हरवली, मुलीचं स्थळ बरं आहे का, हे देवाने पूर्वी सांगितलेलं आहे. एनक्रिप्शनबद्दल त्याला पहिल्यांदाच विचारत होतो. भटजींनी तीन पाकळ्या लावल्या, वर, मध्ये आणि खाली, एकेका घराची एक. ज्याने तुकडा चुकवला त्याची पाकळी पाड, असं गाऱ्हाणं घातलं.

आम्ही बसलो. घंटेवर एक मधमाशी येऊन बसली आणि गेली. पाकळ्या तशाच. भटजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, जरा चढ्या आवाजात. मधली पाकळी थोडी हलली, आबांचा रंग उडाला, पण ती वाऱ्याने हलली होती. एकही पडली नाही.

"देव म्हणता, कोण चुकलो नाय," भटजी म्हणाले.

"देव म्हणतो, मला यात ओढू नका," मी म्हणालो. तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कान पकडले.

तेव्हा महाराजांनी टाइप करायला घेतलं. त्याचं बोट चालत होतं आणि आम्ही सगळे वाट बघत होतो, आणि माझ्या मनात आलं की आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस बोलण्याआधी थांबतोय. संदेश आला. मी मोठ्याने वाचला.

"सगळ्यांचां पाठांतर चोख आनी तरी प्रवेश पडता. असां केन्ना जाता? कोणतरी आधी आत इलो तर जाता. एन्ट्री चुकली."

हे माझ्यापुढे लिहायची त्याची हिंमत बघा. पण मला हसू आलं नाही, कारण मी ओळीकडे बघत होतो. मास्तर, आबा, दादा. गेल्या वर्षी या ओळीत पहिला कोण बसला होता? दादा. मग मास्तर, मग आबा. लॅपटॉप त्या क्रमाने सरकला होता. पेटाऱ्याच्या तीन कुलपांना क्रम चालतो कुठलाही, आधी हे उघडा, आधी ते उघडा, पेटाऱ्याला काही फरक पडत नाही. वक्राच्या किल्लीला पडतो. तिच्यासाठी ते तीन तुकडे नव्हते, एकच वाक्य होतं, आणि त्याचं शेपूट आम्ही तोंडाच्या जागी लावलं होतं. मशीनला हे सांगायचं माझ्याही डोक्यात आलं नाही, कारण मी याच गावचा. मानाच्या क्रमाशिवाय दुसऱ्या कुठल्या क्रमाने माणसं बसू शकतात, हे मला तरी कुठे ठाऊक होतं.

मी आनंदाने उठलो. "सोपं आहे. दादा, तुम्ही आधी टाइप करा, मग मास्तर, मग आबा."

मास्तरांनी लॅपटॉपवर हात ठेवला.

मास्तर म्हणाले, "या वर्षी पहिला मान वरच्या घराचा आहे."

"मास्तर, फक्त टाइप करायला."

"पेटारा उघडा आहे. समोर देव आहे. अशा वेळी पहिला हात कुणाचा लागतो, याला मान म्हणतात. तो माझा नाही, माझ्या घराचा आहे. माझ्या घराची वस्तू मी कशी देऊ?"

मला वाटलं दादा आता भांडेल. दादा म्हणाला, "मास्तर बरोबर सांगतत. उद्या माझो मान इलो आनी मी दुसऱ्याक सोडलंय तर माझे लोक माका जेवूक घालूचे नाय." आबांनीही मान हलवली. इतका वेळ एकमेकांच्या बुद्धीची लक्तरं टांगणारे तिघे आता एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मी आणि माझी वक्ररेषा.

"मग पद?" वहिनी खांबाजवळून म्हणाल्या. एवढंच.

मास्तर खाली बघायला लागले. ते वाईट नाहीत. टक्कल घेऊन शाप पूर्ण करणारा माणूस आहे तो, सोडायचं कसं हेच त्यांना माहीत नाही. महाराज गळ्याच्या रुमालाची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधत होता.

मी पुन्हा खाली बसलो आणि काळा पडदा उघडला. माझ्या धंद्यात एक बरं असतं, माणसं ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने घ्यायची आणि आत हव्या त्या क्रमाने बसवायची. दहा-बारा ओळींची एक लहानशी संहिता लिहिली. ती आधी वरच्या घराला विचारील, मग मधल्याला, मग खालच्याला. पडद्यावर काही दाखवणार नाही. तिन्ही तुकडे पोटात ठेवील. मग पोटातल्या पोटात खालच्या घराचा आधी, वरच्याचा मग, मधल्याचा शेवटी असा जोडून तेवढं वाक्य किल्लीला देईल आणि लगेच विसरून जाईल.

हे मी समजावलं. मास्तरांनी नेमका प्रश्न विचारला, शिक्षक तो शिक्षकच. "म्हणजे आत पहिला मान खालच्या घराला?"

आता मशीनच्या स्मृतीत मान असतो की नसतो, यावर मी काय सांगणार होतो? मी भटजींकडे बघितलं. भटजींनी शेंडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आत म्हणजे गाभारो. थंय कोण पयलो बसता तां आम्ही कोणाक सांगणव नाय आनी कोण विचारणव नाय."

मास्तरांनी यावर विचार केला. मग लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि सगळ्यांच्या आधी, वरच्या घराच्या इतमामाने, आपला तुकडा टाइप केला. आबांनी बैलाचं नाव घातलं. दादाने भिंतीला बोटं लावली.

पडदा थोडा वेळ गप्प राहिला. मग खूण खालच्या ओळीवर आली आणि लुकलुकायला लागली. काही बोलली नाही. माझ्या धंद्यात मशीन काही बोललं नाही तर समजायचं की झालं.

चित्रण उघडलं. तिसरा प्रवेश लावला. लॅपटॉपचा स्पीकर तो केवढा, त्यातून ती तान आली आणि अग्रशाळेतले पारवे उडाले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. त्या म्हणाल्या, "बंद करा हो, डोक्या उठता ह्या माणसाचा," आणि जागच्या हलल्या नाहीत. मास्तरांनी ताल धरला होता.

महाराज पुढे वाकून स्वतःला ऐकत होता. पद संपल्यावर त्याने टाइप केलं, "दुसऱ्या कडव्यात सूर उतरलो." मग आणखी एक ओळ आली. "तुझां वाक्य मात्र बरां कापलंय."

जत्रेचं नाटक झालं. राजाला आवाज नाही हे पुढे बसलेल्यांना माहीत होतं, मागे बसलेल्यांना नव्हतं. पदाचं चित्रण मी मोबाइलमध्ये घालून दिलं होतं, आवाज विंगेतल्या मोठ्या स्पीकरमधून येणार होता. मी म्हणालो बटण मी दाबतो. महाराजांनी मान हलवून नाही म्हटलं. मोबाइल त्यांनी शेल्याखाली आपल्याच हातात ठेवला. आवाज त्यांचा होता.

तिसरा प्रवेश आला. मंडप शांत. मी माझं भाषण सुरू केलं, आणि खरं सांगतो, इतकं चांगलं मी कधी केलं नव्हतं. पहिल्यांदाच मला घाई नव्हती. समोर मुका राजा, त्याचा आवाज यंत्रात, यंत्र काही घसा तापला म्हणून आधी सुटत नाही. विंगेत वहिनी उभ्या होत्या. मी शेवटच्या वाक्याला आलो, श्वास घेतला, गावाकडे वळलो आणि म्हणालो, "महाराज, ज्या राज्यात प्रधानाला..."

शेल्याखाली अंगठा हलला.

तान अशी आली की पुढच्या रांगेतली बाळं जागी झाली. टाळ्या, शिट्ट्या, मास्तर दाढी सांभाळत विंगेतून पुढे. महाराज ओठ हलवत माझ्यासमोर उभे होते, हात पसरून, आणि त्यांचे डोळे माझ्यावर होते. त्या डोळ्यांत जो आनंद होता तो मी पूर्वीही दर वर्षी बघत आलोय. विंगेत वहिनी पोट धरून हसत होत्या.

नाटकानंतर पेटारा बंद झाला. मान पुढे सरकला, पुढच्या वर्षी ओळीत आबा पहिले बसणार, आणि दादाने मला विचारून खात्री करून घेतली की संहितेला हे कळवलं आहे. कळवलं आहे. पुढच्या जत्रेला ती आबांना आधी विचारील. माझं वाक्य कधी पूर्ण होईल, ते तिला सांगता येत नाही.